डोक्यावर अक्षर असलेला दगड

खूप मागे, इतकं मागे की तिथल्या राजाचं नावही आता कुणाला सांगता येणार नाही, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावामागून एक घाट चढत होता. घाटाच्या अलीकडे शेतं होती, पलीकडे कुरणं होती, आणि मध्ये धुकं होतं.

हे धुकं साधंसुधं नव्हतं. पावसाळा सरला की ते डोंगरावरून उतरायचं आणि भरदिवसाही हलायचं नाही. चालणाऱ्याला स्वतःची पावलं दिसायची नाहीत. एका वर्षी त्या धुक्यात सात माणसं दरीत गेली. तेव्हाच्या राजाने हुकूम दिला, की घाटात चार दगड उभे करा आणि त्यांवर वाटेच्या सूचना कोरा.

दरबारातून एक कारकून आला. त्याने चार शिळांवर कोळशाने चार वाक्यं लिहिली आणि तो घाईने परत गेला. कोरायचं काम गावच्या पाथरवटाचं. पण पाथरवट दगडाच्या धुळीने खोकून खोकून अंथरुणाला खिळला होता. म्हणून त्याची बायको धुरपा हिने नवऱ्याची छिन्नी, म्हणजे टाकी, आणि हातोडा उचलला.

धुरपाला वाचता येत नव्हतं. त्यातून ती पहिल्या शिळेला टाकी लावते न लावते, तोच अवेळी एक सर आली आणि कोळसा ओघळला. जे दिसत होतं ते तिने बघून कोरलं. जे पुसलं होतं ते आठवून कोरलं. ओघळ कुठला आणि अक्षर कुठलं, हे तिला कोण सांगणार?

पहिला दगड झऱ्यापाशी होता. 'इथे पाणी आहे' एवढंच त्यावर हवं होतं. पण एका अक्षराची रेघ ओघळाबरोबर वाहत गेली होती. धुरपाने ती तशीच कोरत कोरत दगडाच्या कडेवरून पार मागच्या अंगाला नेली.

दुसऱ्या दगडावर लिहिलं होतं, 'उघड्या बाजूने जा'. त्यापुढे ओघळ वाकडा वळला होता, तो बघून तिने हे मोठं प्रश्नचिन्ह कोरून ठेवलं.

तिसऱ्यावर होतं, 'डोंगराला धरून चाला'. तिथे वाक्याच्या ऐन मधोमध एक टिंब पडलं. त्या जागी दगड ठिसूळ निघाला, म्हणून ते टिंब खोल खोल होत आमटीच्या वाटीएवढं झालं.

चौथा दगड माथ्यावर, कड्याच्या तोंडाशी. 'पुढे कडा आहे जाऊ नका'. यात शेवटच्या अक्षराला जागाच उरली नाही. धुरपाने थोडा विचार केला आणि ते अक्षर दगडाच्या डोक्यावर कोरलं.

दगड उभे राहिले. थोड्याच दिवसांत एक शिकलेला वाटसरू घाट उतरून आला आणि त्याने गावच्या पारावर बसून चारही वाक्यं जशी होती तशी वाचून दाखवली. लोक पोट धरून हसले. धुरपा डोक्यावर पाण्याची घागर घेऊन तिथूनच चालली होती. तिने घागर सावरली, मान खाली घातली, आणि त्या दिवसापासून घाटाची वाट सोडली. नवरा गेला, लेक मोठी झाली, लेकीचं लग्न घाटापलीकडच्या गावात झालं, तरी धुरपा लेकीकडे जायची ती तीन कोसांचा वळसा घेऊन. वीस वर्षं तिने स्वतःच्या हाताचं काम पाहिलं नाही.

अशी वीस वर्षं गेली आणि राज्यावर नवा राजा आला. त्याला सगळं नीटनेटकं लागायचं. त्याने दरबारात एक विद्वान नेमला आणि त्याला पदवी दिली, शुद्धिकार.

या शुद्धिकाराला चुकीचं अक्षर दिसलं, की जेवताना दाताखाली खडा यावा तसं व्हायचं. तो हातात गेरूचं भांडं आणि कुंचला घेऊनच हिंडायचा. बाजारातल्या पाट्यांवर तांबड्या रेघा ओढायचा. एकदा त्याने लग्नात मंगलाष्टकं थांबवून नवऱ्या मुलाच्या मामाचा उच्चार सुधारला आणि मुहूर्त टळला. लोक त्याला शहाणा म्हणत, पण तो आला की बोलणं थांबवत. त्याला वाटे, आपल्याविषयी किती हा आदर!

फिरत फिरत तो घाटातल्या दगडांपाशी पोहोचला, आणि तिथून तडक धुरपाच्या दारात आला. मागून गाव गोळा झालं.

"हे दगड तू कोरलेस?"

"होय, बुवा."

"'उघड्या बाजूने जा', आणि पुढे प्रश्नचिन्ह! बाई, तू वाट दाखवतेस की विचारतेस?"

लोक हसले. त्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं, पण तेही हसले.

"आणि ते डोक्यावरचं अक्षर? भाषा म्हणजे काय रानातला गोठा आहे, की दावणीला जागा नाही म्हणून वासरू छपरावर बांधलं?"

लोक पुन्हा हसले. धुरपाचे कान तापले. वीस वर्षांपूर्वीची ती घागर पुन्हा डोक्यावर आल्यासारखं तिला झालं.

"राजाचा हुकूम आहे," शुद्धिकार म्हणाला. "चारही दगडांची तोंडं तासून काढ. मी लिहून देईन तसंच, सरळ, सारख्या मापात कोर. एक टिंबही इकडचं तिकडे होता कामा नये."

खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अक्षरं चुकलेलीच होती, आणि ते धुरपालाही ठाऊक होतं. म्हणूनच तिने हुकूम मानला. तिला आतून बरंच वाटलं, की आता तरी ही लाज पुसली जाईल.

तिने झऱ्याजवळच्या दगडाची लांब रेघ तासून टाकली. दुसऱ्याचं प्रश्नचिन्ह घालवलं. तिसऱ्याची वाटी बुजेपर्यंत त्याचं तोंड मागे नेलं. मग शुद्धिकाराने आखून दिल्याप्रमाणे बारीक, सुबक, एकसारखी अक्षरं कोरली. आठ दिवसांत तीन दगड झाले. तिन्ही एका आईची लेकरं दिसावीत असे. शुद्धिकाराने त्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "आता कसं डोळ्यांना गार वाटतं!"

नवव्या दिवशी धुरपा चौथ्या दगडाकडे निघाली. तिसऱ्या दगडापाशी तिला एक म्हातारा मेंढपाळ भेटला. सगळे त्याला तात्या म्हणत. घोंगडं खांद्यावर टाकून तो दगडासमोर उभा होता आणि दगडाचं तोंड चाचपत होता.

"धुरपे, वाटी कुठं गेली गं?"

"कसली वाटी, तात्या?"

"कसली म्हणून काय विचारतेस? ही इथली! खाली विळा पण दिसला नाही मला. शेपटीपण नाही. कुणी चोरलं काय सगळं?"

धुरपाला काही कळेना. तात्याने कपाळावर हात मारला.

"अगं, धुक्यात आम्ही काय डोळ्यांनी चालतो? हातानं चालतो. दगडाला हात लावला आणि शेपटी लागली, की झरा. विळा लागला, की डोंगर सोडायचा आणि उघड्या बाजूला व्हायचं, कारण डोंगराकडची वाट ढासळलेली. वाटी लागली, की उलट. डोंगराला चिकटायचं, कारण उघड्या बाजूला दरी. आणि डोक्यावर तुरा लागला, की जागच्या जागी थांबायचं, कारण समोर कडा. वीस वर्षांत एक माणूस गेला नाही, एक शेळी गेली नाही. तुला ठाऊक नाही?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगायचं काय त्यात? आम्हाला वाटलं, तू मुद्दामच केलंस. केवढी हुशार बाई, म्हणायचो आम्ही."

धुरपाने गुळगुळीत दगडावरून हात फिरवला. वीस वर्षं ती ज्याची लाज धरून वळसा घालत होती, त्याच्यावर हात ठेवून माणसं घरी येत होती. आणि तेच तिने स्वतःच्या हाताने तासून टाकलं होतं.

"आणि ऐक," तात्या म्हणाला, "तुझ्या येसूचा निरोप आहे. सातवा लागलाय तिला. उद्या निघते माहेरी यायला, सासू आहे बरोबर. अंगानं जड आहे, वळशाची वाट झेपायची नाही. घाटानंच येईल. धुकं पडायच्या आत मलाही मेंढरं खाली आणली पाहिजेत. निघतो मी." आणि तो भराभर वर चढून गेला.

धुरपा वळली ती थेट शुद्धिकाराकडे गेली. तो चावडीवर बसून राजाला पाठवायचा मजकूर लिहीत होता. तिने हात जोडले आणि तात्या बोलला ते सगळं सांगितलं.

"बुवा, तुमचं शुद्ध वाक्य राहू द्या. मी फक्त खुणा परत कोरते. आजच्या आज विळा तरी होईल."

शुद्धिकार थक्क झाला. "म्हणजे चूक मुद्दाम करायची?"

"माणसं वाचतील, बुवा."

"माणसांनी वाचायला शिकावं. अक्षरं आता स्पष्ट आहेत."

"शिकतील की. पण शिकून होईपर्यंत धुकं थांबेल का? माझी लेक यायची आहे त्या वाटेनं. पोटुशी आहे."

"प्रत्येकाची लेक कुठून ना कुठून यायचीच असते," शुद्धिकार म्हणाला. "म्हणून भाषा वाकडी करायची नसते. शुद्ध केलेल्या दगडाला टाकी लावलीस, तर हातोडा जप्त होईल. चौथा दगड तू करणार नसशील, तर मी राजधानीतून दुसरा पाथरवट आणतो. उद्या सकाळी मीच वर जाऊन गेरूने खुणा करून ठेवतो."

आता तुम्हीच सांगा, लहानथोर हो, या माणसाला काय म्हणावं? त्याच्या समोर एक आई उभी होती. तिने जोडलेले हात अजून खाली घेतले नव्हते, ते त्याला दिसले नाहीत. ती बोलताना एका शब्दाचा शेवट चुकली, तेवढा मात्र त्याने ऐकला, आणि ती दारातून बाहेर पडत असताना मागून दुरुस्त करून सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपाने दार उघडलं तर अंगण नव्हतं. तुळस नव्हती. समोर नुसतं पांढरं होतं. धुकं त्या वर्षी लवकर आलं होतं.

तिने हातोडा घेतला, टाकी कमरेला खोचली आणि घाटाला लागली.

पहिला दगड हाताला लागला. गुळगुळीत. तिने अक्षरांवरून बोटं फिरवली. बारीक, सुबक, एकसारखी. हा झऱ्याचा, की त्याच्या वरचा? तिला सांगता येईना. स्वतःच्या हाताची सफाई तिला जन्मात पहिल्यांदा बोचली.

मग तिने हातोडा उचलून दगडावर एक ठोका दिला. भद्द आवाज आला. ओल धरलेला दगड असाच बोलतो. हा झऱ्याचा. पाथरवटाला दगडाचा आवाज कळतो, आणि तोंड तासलं तरी दगडाचं पोट बदलत नाही. ती पुढे निघाली. दुसरा दगड कणकण वाजला. तिने डोंगर सोडला आणि उघड्या बाजूने चालू लागली.

तिसऱ्या दगडापर्यंत पोहोचायच्या आतच तिला घंटा ऐकू आल्या. मेंढरांच्या गळ्यातल्या लहान लहान घंटा. वरून खाली येत होत्या. धुरपाला हायसं वाटलं. पण क्षणभरच. घंटा डोंगराकडून यायला हव्या होत्या, आणि त्या उघड्या बाजूला वळत होत्या.

"तात्या!" ती ओरडली. "तात्या, ती वाटी आहे! विळा नव्हे! थांबा!"

धुक्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही. मेंढरं हाकणारी तात्याची शीळ थांबली. पण मेंढरू पुढच्या मेंढराच्या मागे जातं, ते शीळ थांबली म्हणून थांबत नाही. घंटा वाजत वाजत गेल्या आणि मग एकेक करून बंद होत गेल्या. एक. मग दुसरी. मग तीनचार एकदम. धुरपा ओरडत राहिली आणि त्या बंद होत राहिल्या. शेवटी डोंगरात नुसती शांतता उरली.

ती अंदाजाने पुढे सरकली. तात्या दगडाला पाठ लावून बसला होता.

"दोन्ही दगड आता सारखेच लागतात गं," तो म्हणाला. "मला वाटलं, वरचा माझ्या हातून सुटला आणि हा विळ्याचाच." त्याच्या हातात एका मेंढीच्या गळ्यातून सुटलेली घंटा होती. एक्केचाळीस मेंढरं गेली होती, आणि त्यांना वळवायला धावलेला त्याचा कुत्राही गेला होता.

धुरपाला रडायलाही उसंत नव्हती. तिची लेक अजून वर होती. तिने तात्याला उठवलं, त्याच्या घोंगड्याचं टोक हातात धरलं आणि दोघं डोंगराला चिकटून माथ्याकडे निघाले. दहा पावलांवर ती हाक मारी, "येसूऽ!"

खूप वेळाने वरून ओ आली. "आई! इथं तुऱ्यापाशी आहे मी! सावकाश ये!"

चौथा दगड अजून कुणी तासला नव्हता. येसू त्याला टेकून बसली होती, शेजारी तिची सासू. आणि दोघींच्या मध्ये, चिखलाने माखलेला, पागोटं हरवलेला, शुद्धिकार बसला होता. त्याचं मनगट येसूने घट्ट धरलं होतं, आणि त्याचा तळवा दगडाच्या डोक्यावर दाबून ठेवला होता.

"हे कसे गं इथे?" धुरपाने विचारलं.

येसू म्हणाली, "आम्ही इथून पुढं जाऊन पाहिलं, आई. पण पुढचा दगड लागला तो गुळगुळीत. काही ओळख पटेना, म्हणून माघारी आलो. हा एकच ओळखीचा राहिलाय. तेवढ्यात खडे घरंगळल्याचा आवाज आला. कुणीतरी सरळ कड्याकडं निघालं होतं. मी ओरडले, 'थांबा, पुढं कडा हाय!' तर धुक्यातून आवाज आला, 'हाय नव्हे, आहे!'"

"मी म्हटलं," सासूने तोंड घातलं, "हा मेला तरी शुद्धच मरेल. पोरीनं धावत जाऊन धोतराचा सोगा धरला म्हणून, नाहीतर आता खाली गिधाडांना शिकवत बसला असता. पोटुशी बाई ती! आणि वर आणून बसवलं तर मला विचारतो, कडा किती लांब होता? म्हटलं, जाऊन मोजून या."

 शुद्धिकार वर येताना दोन दगड चुकला होता. जन्मभर ज्या अक्षरांवर त्याने प्रेम केलं, ती धुक्यात डोळ्यांना दिसली नव्हती आणि बोटांना लागली नव्हती. आता त्याच्या तळव्याखाली ते एकच अक्षर होतं. वेडंवाकडं, खोल, नको त्या जागी कोरलेलं. त्याने हात काढला नाही.

तात्याने ती घंटा त्याच्यासमोर धरली. "मेंढरांना पण वाचायला शिकवायचं होतं काय, बुवा?"

शुद्धिकाराने मान खाली घातली. 

धुरपाने घोंगड्याच्या काठाच्या दशा सगळ्यांच्या हातात दिल्या. ती पुढे झाली. दगड आला की ती ठोका देई, ऐके, आणि सांगे, "डोंगराला धरा." "आता सोडा." दुपार कलायच्या आत पाचही जण झऱ्याशी उतरले. येसूला पुढे मुलगी झाली. मायलेकी सुखरूप राहिल्या. तात्याचा कळप मात्र परत आला नाही.

गोष्ट राजाच्या कानावर गेली. त्याने शुद्धिकाराची पदवी काढून घेतली आणि हुकूम दिला, की दगडांवरच्या खुणा परत येईपर्यंत या माणसाने प्रत्येक धुक्यात तिसऱ्या दगडाशी उभं राहायचं, तात्याची ती घंटा वाजवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाट सांगायची. जे पुसायला आठ दिवस लागले होते, ते परत कोरायला तीन वर्षं लागली. ठिसूळ भाग तासून गेला होता आणि आत काळा, कठीण दगड होता. वाटी खोल होता होता धुरपाच्या दोन टाक्या मोडल्या. तीन हिवाळे तो विद्वान गारठत घंटा वाजवत राहिला. कुणी "कडा कुठं हाय?" असं विचारलं, की तो निमूट हात करून दाखवी.

धुरपाने शुद्ध वाक्यं पुसली नाहीत. ती जिथल्या तिथे राहिली. तिने त्यांच्यावरून शेपटी नेली, विळा कोरला, वाटी खोदली. दोन्ही एका दगडावर सहज मावलं. पहिल्याच दिवशीही मावलं असतं. पण त्या वाटेवरून कोण कसं चालतं, एवढं विचारायला कुणी थांबलं नव्हतं.

येसूची मुलगी पुढे लिहायवाचायला शिकली. एकदा आजीचा हात धरून घाट चढताना तिने दुसरा दगड वाचला आणि ती खुदकन हसली. "आजी, इथे प्रश्नचिन्ह चुकलंय गं."

"चुकलंयच, बाई," धुरपा म्हणाली. "आता डोळे मीट, आणि त्याला हात लाव."

तात्पर्य: दुसऱ्याची चूक पुसायला हात उचलण्याआधी, तिच्या आधाराने कोण चालतं आहे ते विचारावं.